एक प्रश्न, एक माप: माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आणि अटलांटिकपारची ऊर्जाचर्चा

नमस्कार श्रोतेहो.

५ जून १९४७ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठात एक छोटंसं भाषण केलं. युद्धाने मोडून पडलेल्या युरोपला उभं करणारी योजना पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली, आणि तिची पहिली जाहीर मांडणी झाली ती या भाषणात. सकाळी पदवीदान उरकलं होतं. दुपारी समोर बसला होता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. युरोपच्या शहरांत लोकांना अन्न पुरत नाही आणि इंधनही पुरत नाही, हे मार्शल यांनी त्या दुपारी सांगितलं. बरोबर पंचवीस वर्षांनी, ५ जून १९७२ ला, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट हार्वर्डलाच आले आणि त्या मदतीची कृतज्ञता म्हणून त्यांनी जर्मन मार्शल फंड या संस्थेची घोषणा केली. ही संस्था १९८२ पासून मार्शल स्मृती शिष्यवृत्ती देते. अमेरिकी सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती तर १९४६ पासून चालू आहे. हम्बोल्ट प्रतिष्ठानाची जर्मन चॅन्सेलर शिष्यवृत्ती भारतीयांनाही मिळते.

या शिष्यवृत्त्या घेतलेली माणसं आज मंत्रालयांत, वीज कंपन्यांत, विद्यापीठांत, वर्तमानपत्रांत बसली आहेत. बर्लिन, ब्रुसेल्स, वॉशिंग्टनला त्यांचे मेळावे भरतात आणि ऊर्जा, हवामान हे विषय तिथे हमखास निघतात. पुण्या-मुंबईत परतलेले बरेच जण ऑनलाइन सामील होतात. अशी बैठक भरवायची तर काय करावं, ती कुठे फसते आणि का फसते, ते आज सांगायचं आहे.

या बैठकांची गरज का आहे, ते आधी पाहू. सरकारं बदलतात तशी धोरणं उलटतात. हवामानबदलाबद्दलच्या पॅरिस करारातून अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर पडली, १९ फेब्रुवारी २०२१ ला परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने विजेवरच्या मोटारीला साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत दिली, पण अट अशी की गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेतच व्हावी. युरोपचे मोटार कारखानदार त्यावर चिडले. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. इतक्या उलथापालथीत सरकारी वाटाघाटींचा धागा वारंवार तुटतो. माजी विद्यार्थ्यांची ओळख मात्र वीस-वीस वर्षं टिकते आणि पद गेलं तरी फोन उचलला जातो. या मेळाव्यांचं खरं भांडवल हेच आहे, आणि ते ‘हवामानबदल आणि आपण’ असल्या ऐसपैस विषयावर उधळणं मला पटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट प्रश्नाची. प्रश्न एकच असावा, एका वाक्यात मावावा आणि त्याला एखादी तारीख चिकटलेली असावी. उदाहरण घेऊ. इंधनाचा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याच्या गळतीबद्दल नियम केला. ४ ऑगस्ट २०२४ पासून जे गॅस-करार झाले किंवा नव्याने वाढवले गेले, त्यांतला वायू काढताना किती मिथेन गळलं याची मोजणी आणि पडताळणी युरोपच्या तोडीची झाली आहे, हे आयातदाराने १ जानेवारी २०२७ पासून दाखवायचं, असं त्यात आहे. आता प्रश्न असा ठेवा: टेक्सासच्या विहिरीपासून जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन बंदरापर्यंत हा दाखला नेमका कोण, कुठल्या टप्प्यावर देऊ शकेल?

हा प्रश्न टेबलावर ठेवताच गप्पा जमिनीवर येतात. वायू शेकडो विहिरींतून येतो आणि नळात एकत्र मिसळतो. जहाजाने पाठवण्यासाठी त्याचं द्रवीकरण करणारा प्रकल्प तो बाजारातून विकत घेतो, त्यामुळे अमुक जहाजातला वायू तमुक विहिरीचा हे सांगता येत नाही. मग दाखला जहाजागणिक द्यायचा, की उत्पादकागणिक, की अख्ख्या खोऱ्याचा, म्हणजे वायूसाठ्याच्या पट्ट्याचा, सरासरी? अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने गळतीवर शुल्क लावलं होतं, ते २०२५ मध्ये थेट २०३४ पर्यंत पुढे ढकललं गेलं. तेव्हा तिथल्या उत्पादकाला मोजणीचं आर्थिक कारण उरलंय का? इथे टेक्सासचा अभियंता, ब्रुसेल्सचा अधिकारी आणि हॅम्बुर्गचा खरेदीदार या तिघांकडेही दुसऱ्याला ठाऊक नसलेलं काहीतरी असतं.

वाद कुठे अडतो तेही इथेच दिसतं. शंभर किलो मिथेनपैकी तीन किलो वाटेत गळलं आणि सत्त्याण्णव किलो जळलं असं धरा. एक किलो मिथेन जळलं की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जळण्याचे झाले सुमारे २६७ किलो. गळलेल्या तीन किलोंचा तापमानवाढीवरचा परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण तीसपट धरला तर ९० किलो. तोच वीस वर्षांच्या हिशेबाने साधारण ऐंशीपट धरला तर २४० किलो, म्हणजे जवळपास जळण्याइतकाच! कोळशापेक्षा हा वायू बरा की नाही, यावर दोन पक्ष तासभर भांडतात, आणि एक जण शंभर वर्षांचा आकडा घेऊन बसलाय, दुसरा वीस वर्षांचा, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मुदत कोणती धरली, ते आकड्याशेजारी लिहिलंच पाहिजे.

त्यामुळे आमंत्रणासोबत मापांचा एक कागद जायलाच हवा. युरोपात गॅसचा भाव युरो प्रति मेगावॉट-तास असा सांगतात, अमेरिकेत डॉलर प्रति दहा लाख बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक). एक मेगावॉट-तास म्हणजे ३.४१ दशलक्ष बीटीयू. टीटीएफ या युरोपच्या मुख्य गॅस-बाजारात भाव ३० युरो असेल तर तो झाला साधारण ८.८ युरो प्रति दशलक्ष बीटीयू. हेन्री हब या अमेरिकी गॅस-केंद्राचा भाव ३ डॉलर असला म्हणून तिथला वायू युरोपात तीन डॉलरला पडत नाही. बऱ्याच करारांत हबच्या भावाच्या ११५ टक्के अधिक द्रवीकरणाचं ठरावीक शुल्क असं सूत्र असतं. शुल्क अडीच डॉलर धरलं तर जहाजात चढेपर्यंतच भाव सहाच्या घरात जातो. वाहतूक आणि उतरवून पुन्हा वायू करण्याचा खर्च वेगळा.

कागदावर आणखी तीन ओळी हव्यात. अमेरिकी छोटा टन ९०७ किलोंचा, मेट्रिक टन १००० किलोंचा. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. आणि गॅसवरच्या वीजकेंद्राची कार्यक्षमता युरोपात सहसा निव्वळ उष्मांकावर सांगतात, म्हणजे वाफेबरोबर निघून जाणारी उष्णता वगळून, आणि अमेरिकेत ती धरून, ढोबळ उष्मांकावर. त्यामुळे युरोपात ६० टक्के म्हणवणारं केंद्र अमेरिकी कागदावर ५४ टक्क्यांचं दिसतं. यंत्र तेच असतं.

मोठे आकडेही जहाजांत मोजून सांगावेत. मार्च २०२२ मध्ये रशियाचा वायू तोडण्याच्या घाईत अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी २०३० पर्यंत वर्षाला ५० अब्ज घनमीटर जादा अमेरिकी वायूचं लक्ष्य जाहीर केलं. आजच्या मोठ्या जहाजात साधारण १० कोटी घनमीटर वायू द्रवरूपात मावतो. म्हणजे वर्षाला पाचशे जहाजं, रोज एकाहून अधिक. हे ऐकलं की बंदरं, नळ आणि साठवण यांबद्दल नेमकं बोलणं सुरू होतं. आपलाही यात संबंध आहे. गेल कंपनीच्या दीर्घ कराराखालचं, अमेरिकेच्या साबिन पास द्रवीकरण प्रकल्पातून निघालेलं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागलं. युरोपने चढा भाव दिला की बाजारातली मोकळी जहाजं तिकडे वळतात. २०२२ मध्ये भारताची एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आयात घटली ती या महागाईपायीच. तसंच भोसरी-चाकणचा कारखानदार युरोपला पोलादी नट-बोल्ट पाठवत असेल, तर १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या ग्राहकाला सीमेवरच्या कार्बन आकारणीचा, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बनवरच्या आकाराचा, हिशेब ठेवावा लागतो. वर्षाला ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्याला तेवढी सूट आहे. तेव्हा पुण्याहून सामील होणाऱ्याने नुसतं ऐकत बसू नये.

आता खोलीकडे येऊ. बोलणारे पंधरा ते अठरा असावेत, म्हणजे आमंत्रणं पंचवीस-तीस. गोल किंवा घोड्याच्या नालेसारखी बैठक, आणि जागा आधीच नावानिशी ठरवलेल्या, नाहीतर एका तुकडीचे सगळे एका कोपऱ्यात बसून वसतिगृहाच्या आठवणी काढतात. त्या आठवणींसाठी आधीची पाऊण तास चहाची वेळ खुशाल द्या, चर्चेत मात्र नको. सुरुवातीला दोन्ही बाजूंचा एकेक वक्ता, प्रत्येकी सात मिनिटं. नमनालाच घडाभर तेल जाळणारा पाहुणा बोलावला की नव्वद मिनिटांतली चाळीस गेलीच.

बोलणं मोकळं व्हावं म्हणून चॅटम हाउस नियम पाळतात. १९२७ मध्ये लंडनच्या चॅटम हाउसमध्ये तो तयार झाला. ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कुणी सांगितली किंवा तो कुठल्या संस्थेचा, हे उघड करायचं नाही. हा नियम मोडतो तो बहुधा निष्काळजीपणाने: नावाच्या पाट्यांसकट काढलेला फोटो, पडद्यावर दिसणारी उपस्थितांची यादी आणि हल्ली आपोआप गोषवारा लिहिणारी साधनं. सुरू करण्याआधी ही तिन्ही बंद आहेत ना, हे एका माणसाने पाहायचं.

जेवणाचा खर्च एखादी तेल-वायू कंपनी किंवा पवनचक्क्यांची कंपनी करत असेल तर ते आमंत्रणावर छापा. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला एका स्रोताकडून एका वेळी साधारणपणे २० डॉलरपर्यंतचीच भेट चालते, वर्षभरात ५० डॉलर. त्याहून महाग जेवण असेल तर त्याला खात्याकडून आधी मंजुरी काढावी लागते. दोनच दिवस आधी कळवलं तर तो येतच नाही. आणि युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते त्यांना न विचारता प्रायोजक कंपनीला देऊ नका. तिथला माहिती-संरक्षण कायदा कडक आहे.

वेळेचा घोळ दरवर्षी ठरलेला. वॉशिंग्टनचे दुपारचे बारा म्हणजे बर्लिनचे संध्याकाळचे सहा, पण अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक पाचच तासांचा उरतो. शरद ऋतूतही एक आठवडा असाच जातो. भारतातल्यांना वॉशिंग्टनचे बारा उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. पडद्यावरच्यांना पहिली फेरी द्या. शेवटी ठेवलं तर तोवर निम्मे झोपलेले असतात. तीन-चार जणांमागे एक माइक नसेल तर त्यांना नुसता घुमणारा आवाज ऐकू येतो.

बैठकीनंतर ४८ तासांच्या आत एक पान लिहून पाठवा, नावांशिवाय. त्यात तीनच रकाने: कशावर एकमत झालं, कशावर नाही आणि का, आणि कुठला आकडा कोण, कधीपर्यंत आणणार. तिसऱ्या रकान्यातल्या माणसाचं नाव फक्त त्याला आणि आयोजकाला कळवायचं. मिथेनच्या उदाहरणात तो आकडा म्हणजे एखाद्या खोऱ्यातली मोजलेली गळती, अंदाजाने धरलेली नव्हे. पुढची बैठक त्या आकड्यानेच सुरू करा. ती ऑगस्टमध्ये ठेवू नका, ब्रुसेल्स रिकामं असतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आसपास अमेरिकन थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी घरी असतात. मे किंवा सप्टेंबरचा शेवट दोघांनाही जमतो.