शेवटची दोन बोटे

(दृश्य: सकाळ. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याचे अंगण. गाडीवरची ताडपत्री बाजूला केली जात आहे.)

नागपुरात मे महिन्यात गाडीचे काम काढायचे असेल, तर ते उजाडताच हाती घ्यावे लागते, कारण दहानंतर पत्र्याला हात लावण्याची सोय उरत नाही. या अंगणात उभी असलेली गाडी स्टँडर्ड हेरल्ड आहे. इंग्लंडमध्ये 1959 साली बाजारात आलेल्या ट्रायम्फ हेरल्डची ही भारतीय आवृत्ती मद्रासला 1961 पासून तयार होऊ लागली. तिचे रूप इटलीच्या जिओव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटले होते. बाजूच्या दोन खिट्ट्या सोडल्या की बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटते आणि 948 सीसीचे इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. आजच्या गाड्यांवर काम करणाऱ्या मिस्त्र्यांना या सोयीचा हेवा वाटावा.

गाडीचे मालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची तक्रार ऐकायला किरकोळ आहे: क्लचचे पेडल दाबल्यावर परत येते, पण पूर्ण येत नाही. शेवटची दोन बोटे ते अडून राहते आणि बुटाच्या टोकाने उचलले की वर जाते. याच्या जोडीला दुसरी तक्रार आहे, जिचा पहिलीशी संबंध असेल असे त्यांना वाटले नव्हते. भर दुपारी चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. याआधी दोन ठिकाणी त्यांना गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला मिळाला होता. आज आलेल्या मिस्त्रींनी मात्र पाना हाती घेण्याआधी पेडल आठ-दहा वेळा नुसते हाताने दाबून पाहिले. “सर, प्लेटचं नंतर पाहू जी, हे कुठं अडते ते आधी पाहू,” एवढेच ते म्हणाले.

क्लच म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणारा आणि पेडल दाबले की सोडवणारा भाग. हेरल्डचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पेडल एक सळई रेटते, सळई मास्टर सिलेंडरमधील पिस्टन ढकलते, तेल नळीतून गिअरबॉक्सशेजारच्या स्लेव्ह सिलेंडरकडे जाते आणि तेथील पिस्टन क्लचचा फोर्क हलवून क्लच प्लेट इंजिनापासून सोडवतो. पाय उचलला की क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या दणकट स्प्रिंगा हा सारा प्रवास उलटा करतात. मात्र त्यांचा जोर शेवटपर्यंत पुरत नाही. क्लच प्लेट पुन्हा घट्ट दाबली गेली की त्यांचे काम संपते आणि उरलेले अंतर पेडलची छोटी स्प्रिंग व मास्टर सिलेंडरच्या पोटातील नाजूक स्प्रिंग यांनाच कापावे लागते. म्हणून पेडल खालीच चिकटले तर दोष एका जागी असतो आणि शेवटच्या दोन बोटांवर अडले तर बहुधा दुसऱ्याच जागी.

(दृश्य: डॅशबोर्डखाली टॉर्चचा प्रकाश. पेडल आणि सळई जोडणारी पिन काढली जाते.)

पिन काढल्यावर पेडल एकटे पडले, तरीही ते वर जाताना रेंगाळले. याचा अर्थ पहिला दोष तेलाच्या भागात नव्हता. पेडल ज्या बुशवर फिरते तेथील ग्रीस वाळून काळ्या मेणासारखे झाले होते आणि स्प्रिंगचे वेटोळे ताणून सैल पडले होते. बुश साफ केले, नवे ग्रीस भरले, स्प्रिंग बदलली आणि पेडल टचकन वर आले.

बहुतेक ठिकाणी काम येथेच संपले असते आणि गाडी बिघडलेलीच परत गेली असती. सळई पिस्टनला जोडलेली नसते. ती त्याला फक्त टेकते. त्यामुळे कडक स्प्रिंग लावली की पेडल सळईला घेऊन वर येते, पण पिस्टन आत अडकलेला असेल तर तो तसाच राहतो आणि वर आलेले पेडल तो दोष झाकून टाकते. मिस्त्रींनी पिन पुन्हा घातली नाही. मास्टर सिलेंडरच्या तोंडावरचे रबरी टोपण, म्हणजे बूट, मागे सारून त्यांनी सळई हाताने आत रेटली, सोडली आणि टॉर्च धरला. पिस्टन सावकाश मागे आला आणि टोकाला पोहोचण्याआधीच थांबला.

दुपारच्या तक्रारीचे मूळ याच अपुऱ्या प्रवासात होते. या धाटणीच्या सिलेंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला तरच पुढच्या टोकाची झडप उघडते आणि नळीतील तेलाला सिलेंडरवरच्या छोट्या टाकीकडे जाण्याची वाट मिळते. झडप बंद राहिली की तेल कोंडले जाते. इंजिनाची धग आणि वरून विदर्भाचे ऊन यांनी ते फुगते, तेव्हा त्याला सरकायला स्लेव्ह सिलेंडरचीच बाजू उरते. क्लच किंचित दाबलेला राहतो आणि प्लेट घसरू लागते.

(दृश्य: लाकडी पाटावर वर्तमानपत्र. त्यावर सिलेंडरचे सुटे भाग.)

पिस्टनला आत अडवून धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, काढून पिस्टन बाहेर घेतला. स्प्रिंगच्या टोपीची बारीक पत्री जीभ पिस्टनच्या खाचेत अडकलेली असते. ती अणकुचीदार स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचलल्यावर झडपेची दांडी सुटली. रबरी सील नव्या सीलशेजारी ठेवल्यावर फरक नजरेनेच कळला. जुने सील भिजलेल्या चण्यासारखे फुगले होते आणि नखाने दाबले की खळगा तसाच राहत होता. या क्लचलाही ब्रेक ऑइलच लागते, पण केव्हातरी कोणीतरी टाकीत त्याऐवजी खनिज तेल ओतले होते. ब्रेक ऑइलसाठी बनवलेल्या रबराला ते सोसत नाही.

असे झाल्यावर एकच सील बदलून भागत नाही, कारण ते तेल जेथे जेथे गेले तेथील प्रत्येक रबर संशयित ठरते. आसने काढून आतल्या बाजूने गिअरबॉक्सवरचे आवरण उचलले, स्लेव्ह सिलेंडरचे सील बदलले आणि लवचिक नळीही बाहेरून धडधाकट दिसत असूनही नवी घातली. धातूची नळी स्पिरिटने धुतली. रॉकेल येथे वापरायचे नसते, कारण तेही खनिजच. सिलेंडरची आतली भिंत सुदैवाने गुळगुळीत होती. गंजाचे खड्डे असते, तर आत नवी बाही, म्हणजे धातूचे अस्तर, बसवून घ्यावी लागली असती.

नवे तेल डॉट 3 प्रतीचे, सीलबंद डब्यातले. हे तेल हवेतील ओल शोषते. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, तर ओल धरल्यावरची किमान मर्यादा 140 अंशांची आहे. उघडा राहिलेला डबा म्हणूनच वापरू नये. नळीत शिरलेली हवा काढताना सरांची सून पेडलवर बसली. “दाबा,” म्हटल्यावर हवा बाहेर सोडणारे निपल उघडायचे, ते बंद झाल्यावरच “सोडा,” असा क्रम बुडबुडे थांबेपर्यंत चालला. मधेच चार थेंब रंगवलेल्या पत्र्यावर सांडले, तेव्हा मिस्त्रींनी हातातले काम टाकून आधी तांब्याभर पाणी ओतले, कारण हे तेल रंग खाते.

(दृश्य: दुपारचे तीन. सेमिनरी हिल्सचा चढ.)

चाचणी मुद्दाम उन्हात घेतली. चढाच्या मध्यावर गाडी थांबवून सरांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिनाचा आवाज वाढला, त्याबरोबर गाडीही निघाली. माथ्यावर इंजिन बंद करून मिस्त्री खाली वाकले, पेडलच्या मागे टॉर्च धरला आणि रबरी बूट सारून पिस्टन टोकाला टेकला आहे की नाही ते पुन्हा एकदा पाहिले. तो टेकला होता.