सुई हातात असली की माणूस बोलतो!

राम राम मंडळी! हे मागे दिसतंय ना, ती आमची गोधडी, अजून अर्धीच झालीय, आणि आजचा विषय तिच्यावरूनच सुचला.

तैवानमध्ये जन्मलेला एक कलाकार आहे, ली मिंगवेई. त्याचं २००९ चं एक काम आहे, काम म्हणजे काय तर म्युझियममध्ये लांब टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं, बस. तुम्ही घरून फाटका कपडा घेऊन जायचं, समोर बसायचं, तो शिवत राहणार आणि तुम्ही बोलत राहणार. आणि फाटलेलं तो लपवत नाही हां, उलट उठून दिसेल असाच दोरा घेतो, शिवून झालं तरी तोडत नाही, टोक भिंतीवरच्या रिळाला तसंच राहतं, मग कपडे वाढत जातात तशी दोऱ्यांची जाळीच तयार होते. २०१७ ला व्हेनिसच्या बिएनालेमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, पण हे होतं. मला तर त्यातली ती दुसरी खुर्ची फार आवडते.

अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी घरच्यांनी, मित्रांनी अशीच गोधडी शिवली, एकेक तुकडा ३ बाय ६ फूट, म्हणजे कबरीएवढा. १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा अंथरली तेव्हा १९२० तुकडे होते.

आता आपल्या खान्देशात या. उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर जुनी लुगडी, चिंध्या निघतात, चार बाया चार बाजूंना बसून धावदोरा घालत घालत मधे सरकतात. सगळ्यांची नजर सुईवर, तोंडाकडे कोणी बघत नाही, म्हणून एरवी जे ओठावर येत नाही ते तिथे येतं. जात्यावर पण हेच व्हायचं, असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, काम करता करताच गाणी रचायच्या.

यंदा मोठ्या मायने एक पिवळा तुकडा लावायला घेतला, मी विचारलं हा कोणाचा, तर म्हणे, "तुनी फुईना परकर शे." मला दोनच आत्या माहीत होत्या! ही तिसरी, चार वर्षांची असताना गेलेली, घरात कधी नावसुद्धा निघालं नव्हतं. मोठी माय तासभर तिच्याबद्दल बोलली, टाके घालत घालतच, बाकीच्यांनीही सुई थांबवली नाही.

त्या तुकड्याची एक बाजू मी शिवली. लाल दोरा घेतला, दिसावा म्हणून. हा बघा, इथे.