ब्रिक्स सोळा, पण त्यात डाळिंब किती?

सोलापुरात येऊन डाळिंबाबद्दल बोलणे हे धाडसच आहे, कारण येथील डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच आहे. म्हणून फळाविषयी मी बोलणार नाही; बाटलीतला रस खरोखर डाळिंबाचाच आहे का, हे प्रयोगशाळेत कसे ठरते, एवढाच माझा विषय आहे. त्याआधी एक जुनी तक्रार मात्र ऐकून घ्यावी लागेल.

रस तपासला का, असे विचारले की लगेच खिशातून रिफ्रॅक्टोमीटर बाहेर निघतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा सोळा ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, अंशाचे माप) दिसली की, ‘साहेब, माल चोख!’ अहो, प्रकाश किती वाकला एवढेच ते यंत्र सांगते. तो डाळिंबाच्या साखरेने वाकला की पोत्यातल्या, याचे त्याला सोयरसुतक नसते, आणि साखरेच्या पोत्यांची टंचाई या जिल्ह्यात कधीच नव्हती. (हशा)

शिवाय भेसळ करणारा आपली चाचणी आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो. अमिनो आम्लांचा अंदाज घेण्यासाठी फॉर्मॉल अंक काढतात, म्हणजे रसात फॉर्मॅल्डिहाइड घालून मोकळे झालेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. पाणी घातले की हा अंक घसरतो, हे कळल्यावर काही हुशार मंडळींनी ग्लायसीन हे स्वस्तातले अमिनो आम्ल घालून तो पुन्हा वर चढवला. कागदावर अंक उत्तम आणि पेल्यात पाणी! प्रत्येक अमिनो आम्ल वेगवेगळे मोजले, तेव्हा एकट्या ग्लायसीनचा फुगवटा उघडा पडला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा धावतच सांगतो. डाळिंबाचा लाल रंग डेल्फिनिडिन, सायनिडिन आणि पेलार्गोनिडिन या रंगद्रव्यांच्या प्रत्येकी दोन, अशा मुख्यतः सहा रूपांचा असतो. एचपीएलसीच्या, म्हणजे रसातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर मालविडिन हे वेगळेच रंगद्रव्य दिसले, तर द्राक्षाचा संशय घ्यावा. पांढऱ्या द्राक्षाचा रस रंगातून सापडत नाही, पण टार्टारिक आम्ल आणि प्रोलीन हे अमिनो आम्ल वाढल्याने सापडतो. सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ वाढला तर सफरचंद किंवा पेअर. उसाची साखर कार्बनच्या समस्थानिकांतून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणातून, ओळखू येते, कारण या प्रमाणाचे उसातले मूल्य उणे ११ ते १२ प्रति हजारच्या आसपास, तर डाळिंबासारख्या झाडांचे उणे २५च्या आसपास असते. बीटचे मूल्यही डाळिंबासारखेच असल्याने बीटची साखर मात्र या जाळ्यातून निसटते; तिच्यासाठी हायड्रोजनचे समस्थानिक पाहावे लागतात.

यांपैकी कोणतीही एक चाचणी पुरेशी नाही, आणि सगळ्या केल्या तरी तुलनेला खात्रीचा रस हवाच. म्हणून बागायतदारांना माझी विनंती आहे की आंबे, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांतील ‘भगवा’ या वाणाचा रस स्वतःसमोर काढून त्याचे नमुने गोठवून ठेवा, आणि फळ सालीसकट दाबले की नुसते दाणे, हे चिठ्ठीवर अवश्य लिहा, कारण सालीतले प्युनिकॅलॅजिन हे तुरट द्रव्य रसात उतरले की सगळे आकडेच बदलतात.