गुलाबी घराला पत्र्याचं पांघरूण

(सकाळचं ऊन. रस्त्याच्या कोपऱ्यावरून घर.)

सांता मोनिका. लॉस एंजेलिसला चिकटलेलं, समुद्राकाठचं गाव. वॉशिंग्टन अव्हेन्यू आणि बाविसावा रस्ता मिळतात, तो हा कोपरा. आजूबाजूला नीटनेटकी घरं, कापलेलं गवत. आणि मध्येच हे! पन्हळी पत्रा, त्यावर तिरकी बसवलेली तारेची जाळी. काम अर्धवट टाकून गवंडी जेवायला गेलेत की काय?

आता जरा वर बघा. पत्र्यामागून एक जुनं छप्पर डोकावतंय. त्याच्याखाली फिकट गुलाबी भिंत आणि साधीसुधी खिडकी. मूळ घर ते. साधारण 1920चं, दुमजली, डच धाटणीचं. अशी घरं त्या भागात पुष्कळ होती, कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं.

(जुनी छायाचित्रं.)

1977 साली वास्तुरचनाकार फ्रँक गेहरी आणि त्यांची पत्नी बर्टा यांनी ते विकत घेतलं. शोधलं बर्टांनी. पदरी लहान मूल, जागा हवी होती. गेहरी तेव्हा अठ्ठेचाळीसचे. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात त्यांनी उभारलेल्या संग्रहालयाने जगभर नाव व्हायला अजून वीस वर्षं होती, आणि हातातला पैसा बेताचा.

घर वाढवायचं होतं. पण जुनं पाडलं नाही. पुन्हा सांगतो, पाडलं नाही. आपल्याकडे बंगला जुना झाला की आधी बिल्डरला फोन जातो, म्हणून दोनदा सांगितलं.

(कॅमेरा पत्र्याच्या पन्हळींवरून सरकतो.)

त्यांनी जुन्या घराच्या तीन बाजूंनी नवं घर गुंडाळलं. कशाने? पत्रा, प्लायवूड, काच आणि मैदानाच्या कुंपणाला लावतात ती जाळी. ही जाळी शहरात जिथे तिथे दिसते, तरी ती कुणालाच आवडत नाही, याची गेहरींना मोठी गंमत वाटे. मग त्यांनी ती कुंपणावरून उचलून थेट घराच्या माथ्यावर चढवली.

आतल्या भिंतींचा गिलावा जागोजागी काढून टाकला. मागच्या लाकडी पट्ट्या दिसू लागल्या, छताचे वासे उघडे पडले. एरवी जे झाकायला आपण पीओपी करतो, तेच इथे मुद्दाम दाखवलंय.

(स्वयंपाकघर. छायाचित्रावर कॅमेरा थांबतो.)

आणि हे स्वयंपाकघर. खाली जमीन बघा. फरशी नाही, लाकूड नाही, डांबर आहे! इथे आधी गाडी आत आणायचा रस्ता होता. स्वयंपाकघर त्याच्यावरच उभं राहिलं आणि जमीन डांबराचीच राहिली. ओट्याशी उभं राहिलं की समोर जुन्या घराची बाहेरची भिंत, खिडकीसकट. कधीकाळी त्या खिडकीतून अंगण दिसत असेल. आता दिसतात कपाटं आणि सिंक.

डोक्यावर हा काचेचा घन. साध्या लाकडी चौकटीत बसवलेला, एका अंगावर कललेला, वरून पडता पडता जुन्या आणि नव्याच्या फटीत अडकल्यासारखा. जुनं घर असं बंदिस्त केलं तर आतलं भूत बाहेर यायला बघेल, अशी कल्पना आपण केली होती, असं गेहरी सांगत. प्रत्यक्षात या भुताने स्वयंपाकघरात भरपूर उजेड आणला.

(पुन्हा रस्ता. समोरची घरं.)

शेजारी भडकले. तुमच्या आवारातली बोट, ती कॅम्परगाडी, ते चालतं का, असा गेहरींचा उलटा सवाल होता. ते तर नेहमीचंच, असं उत्तर आलं.

पुढे 1988 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनात हे घर झळकलं. 1990च्या दशकात मुलं मोठी झाल्यावर गेहरींनी त्यात पुन्हा फेरफार केले, आणि पहिला रांगडेपणा गेला म्हणून या वेळी जाणकार हळहळले. 2012 मध्ये अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने, काळाच्या कसोटीला उतरलेल्या इमारतींना देतात तो पुरस्कार याला दिला. 5 डिसेंबर 2025 रोजी गेहरी गेले, याच गावात.

(संध्याकाळ. कॅमेरा स्थिर.)

अंधार पडलाय. पत्रा आता दिसेनासा झालाय, जाळीही. स्वयंपाकघरातला दिवा लागला, आणि तो कललेला घन रस्त्यावरूनच पेटलेला दिसतोय.