चार पावलांची परीक्षा

मुरगळलेल्या पायाच्या बाहेरच्या घोट्यामागून डॉक्टरांचा अंगठा सावकाश खाली सरकतो आहे. हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, आणि मग खालचे टोक. नेमके तिथे दाबल्यावर दुखते का, एवढेच त्यांना पाहायचे आहे. आतल्या घोट्याचीही अशीच तपासणी होते. त्यानंतर रुग्णाला चार पावले टाकायला सांगितले जाते. लंगडत टाकलेली पावलेही चालतात. हाडावर दाबून दुखत नसेल, आणि दुखापतीनंतर लगेच किंवा या तपासणीच्या वेळी, यांपैकी एकदा जरी चार पावले टाकता आली असतील, तर घोट्याच्या एक्स-रेची गरज नाही.

हा नियम कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. तेव्हा तातडीच्या विभागात मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे सर्रास काढला जाई आणि बहुतेकांत हाड शाबूत निघे. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात 750 प्रौढ रुग्ण होते. प्रत्येकाच्या 32 बाबी डॉक्टरांनी एक्स-रे होण्यापूर्वीच ठरावीक तक्त्यात नोंदवल्या. हा क्रम फार महत्त्वाचा होता, कारण मोडलेले हाड एकदा डोळ्यांना दिसले की हाताची तपासणी निःपक्षपाती राहत नाही. काही रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे तपासले. ज्या लक्षणावर दोघांचे एकमत होत नाही, ते कितीही अर्थपूर्ण वाटले तरी नियमाचा भार पेलू शकत नाही. उरलेल्या लक्षणांमधून, महत्त्वाचा एकही अस्थिभंग निसटू नये या कसोटीवर, मोजकीच निवडली गेली.

अनेक नियम इथवर येऊन थांबतात, आणि आमचा आग्रह आहे तो याच्या पुढच्या कामाचा. ज्याच्या मापाने कपडा शिवला त्याला तो बसणारच. म्हणूनच या गटाने आपला नियम नव्या रुग्णांवर तपासला, त्यातील 55 किंवा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांचा एक्स-रे काढण्याची अट काढून टाकली, सुधारलेला नियम पुन्हा वेगळ्या रुग्णांवर पारखला आणि 1993 मध्ये निष्कर्ष मांडले. तरीही एक प्रश्न उरतोच: अचूक नियम हाती दिल्याने डॉक्टरांची सवय बदलते का? 1994 च्या अभ्यासात, जिथे नियम लागू केला त्या रुग्णालयात घोट्याच्या एक्स-रेचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले, तर तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णालयात ते 2 टक्क्यांनी वाढले. एक्स-रे न काढता घरी गेलेल्यांचा वेळही वाचला.

पुढे इतरत्र झालेल्या 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही निसटलेल्या अस्थिभंगांचे प्रमाण अत्यल्प आढळले. मात्र मद्याच्या अमलाखालील किंवा पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णाच्या ‘दुखत नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही. तिथे एक्स-रेचा निर्णय डॉक्टरांनी स्वतःच घ्यायचा असतो.