माइक बंद झाल्यानंतरचं शिबिर

(तालुका वकील संघाच्या जनजागृती उपसमितीसमोर एका ज्येष्ठ महिला वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, विधी सेवा समितीचे पदाधिकारी, बारमधली ज्येष्ठ मंडळी आणि आज तारखा आटोपून मुद्दाम थांबलेले आमचे कनिष्ठ सहकारी,

उपसमितीने येत्या वर्षात लोकांसाठी कोणते कार्यक्रम घ्यावेत, यावर मी बोलावं असं ठरलं आहे. माझं मागणं एकच आहे. गावोगावच्या शिबिरांतली भाषणं आपण कमी करू या आणि भाषणानंतरचं टेबल, म्हणजे लोकांचे कागद वाचून सल्ला द्यायची जागा, वाढवू या.

आपलं शिबिर कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पटांगणात मंडप, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, तीन-चार वक्ते, आभार, फोटो. हे सगळं वाया जातं असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाने न्यायाधीश फक्त डायसवर, लांबून पाहिलेले असतात, त्याच्या गावात न्यायाधीश येतात, त्याच्या भाषेत बोलतात, याचं मोल मोठं आहे. पण ज्याला खरी अडचण आहे तो भर सभेत हात वर करत नाही. त्याचा दीर, चुलता, सावकार तिथेच दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. तो माइक बंद व्हायची वाट बघतो.

एका गावात आभारप्रदर्शन झालं, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली आणि एक बाई पुढे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. "मॅडम, हे बघता का जरा?" पिशवीत सातबारा, आठ अ, बँकेच्या जुन्या पावत्या आणि तळाशी चार घड्या घातलेलं समन्स. त्याच्या कोपऱ्यांना निळ्या रंगाचे कपचे चिकटले होते. बेलिफ आला तेव्हा घरातल्या थोरांनी त्यांना सांगितलं होतं, सही करू नकोस, सही केली नाही की केस पुढे जात नाही. त्यांनी सही केली नाही. बेलिफाने समन्स दाराला डकवलं आणि त्यांनी ते दारावरून जपून सोडवून ठेवलं. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीत या बाईंना हक्क नाही, असं ठरवून मागणारा दिराचा दावा होता. तारीख आठ दिवसांवर आली होती.

त्या दोन तासांत आपल्या वक्त्यांनी महिलांच्या हक्कांवर बरंच सांगितलं होतं आणि सगळं बरोबर सांगितलं होतं. पण समन्स नाकारल्याने दावा थांबत नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ५ मध्ये याची सोय आहे. घेणाऱ्याने नकार दिला तर समन्स दाराला लावता येतं, बेलिफ तसा अहवाल देतो आणि बजावणी झाली असं न्यायालय धरू शकतं. मग दावा एकतर्फी चालतो. कैफियत, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्यायला ३० दिवस, न्यायालयाने मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच. आपल्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. त्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही टेबलावर बसून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: तारीख, वार, कोणतं कोर्ट, कोणता मजला, सोबत काय आणायचं, विनामूल्य वकील देणाऱ्या विधी सेवा समितीचं कार्यालय कुठे आहे. त्या बाई दुसऱ्याच दिवशी एसटीने आल्या, अर्ज केला आणि नेमलेल्या तारखेला त्यांच्या वतीने वकीलपत्र दाखल झालं. पुढे दाव्याचं जे व्हायचं ते गुणदोषांवर होईल. पण त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय होणार नाही.

असे गैरसमज गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात आणि ते नेहमी दुबळ्या बाजूलाच महाग पडतात. रजिस्टर पोस्ट परत पाठवलं की नोटीस मिळालीच नाही, असं लोक धरून चालतात. चेक न वटल्याच्या प्रकरणात बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस मुद्दाम नाकारली तर ती मिळाली असंच धरलं जातं, आणि पैसे भरायचे १५ दिवस तिथून सुरू होतात.

सर्वांत जास्त प्रश्न येतात ते फेरफाराचे. सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणजे जमीन गेली, अशी पक्की समजूत असते. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती मुख्यतः सारावसुलीसाठीची नोंद आहे, हे आपण कोर्टात रोज म्हणतो. गावात मात्र ते कुणी म्हणत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. नोंदीची नोटीस चावडीवर लागते, संबंधितांना कळवली जाते, तेव्हा १५ दिवसांत हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. ते दिवस गेले की तोच माणूस प्रांतांकडे अपिलात वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. ही नोटीस लावणाऱ्या तलाठ्याच्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण लोक तलाठीच म्हणतात. आपणही टेबलावर तलाठीच म्हणावं, म्हणजे समोरच्याला चटकन कळेल.

आणि हक्कसोड. वडील गेल्यावर बहिणीला माहेरी बोलावतात, गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात आणि सांगतात, वारस नोंदीसाठी तुझी सही लागते. वारस नोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं, हे तिला तिथे सांगणारं कुणी नसतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशभर ती २००५ मध्ये आली. तरी अजून त्या सहीने बायकांचे हक्क जातात. स्वखुशीने कुणी भावासाठी हक्क सोडत असेल तर तो तिचा अधिकार आहे, त्यात वकिलाने पडू नये. पण सही कशावर करते आहेस, एवढं तिला सहीआधी कळलं पाहिजे. बचत गटांच्या बैठकीत हा एकच विषय घेऊन, कोरा नमुना हातात देऊन, अर्धा तास बोललं तरी मोठं काम होईल.

हे आपण उपकार म्हणून करत नाही. राज्यघटनेत १९७६ साली गरिबांना विनामूल्य कायदेशीर मदत देण्याचा ३९-अ अनुच्छेद आला. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असा कैदी होता, ज्याच्या हातात निकालाची नक्कल वेळेत पडली नव्हती आणि त्यामुळे अपील रखडलं होतं. न्यायालयाने कैद्याला नक्कल विनामूल्य मिळण्याचा आणि अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात तर न्यायालयाने म्हटलं की आरोपीने वकील मागितला नाही, हे कारण चालणार नाही, कारण आपल्याला तो मागता येतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. मागायचं कसं हे न कळणारा माणूस, हाच आपल्या शिबिराचा खरा श्रोता आहे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ६ ने गरिबांना कायदेशीर मदतीची व्यवस्था करणं हे बार कौन्सिलच्या कामांत घातलं आहे. आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ४६व्या नियमाने आपापल्या ऐपतीच्या मर्यादेत गरजूला विनामूल्य मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक ठरवलं आहे.

टेबलावर बसणाऱ्याने १९८७ च्या कायद्याचं कलम १२ नीट वाचलेलं असावं. स्त्रीला विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बालकांना नाही, अनुसूचित जाती-जमातींना नाही, दिव्यांगांना नाही, कोठडीतल्या माणसाला नाही. तरी बायकांना 'आधी दारिद्र्यरेषेचं कार्ड आणा' म्हणून परत पाठवल्याचं मी ऐकलं आहे, आणि ते ऐकून मला संताप येतो. समितीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे तिने नेमलेल्या वकिलांच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडे फी मागायची नसते, हेही तिथेच स्पष्ट सांगावं. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक कागदावर छापलेला असावा.

लोकअदालतीबद्दल थोडंसं. घरपट्टी, वीजबिल, बँकेचं कर्ज यांच्या दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, नोटिसा गावात आल्या की लोक घाबरतात, पोलीस येणार म्हणतात. लोकअदालतीत संमतीशिवाय काही होत नाही, तडजोड झाली नाही तर कुणाचा हक्क बुडत नाही, हे सांगायला आदल्या आठवड्यात दोन वकील ग्रामपंचायतीत बसले पाहिजेत. तितक्याच ठामपणे दुसरी बाजू सांगावी, की तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. आकडे वाढावेत म्हणून कुणाची सही घाईने घेऊ नये. शाळांतले कार्यक्रम शिक्षकांच्या सोयीने चालू ठेवावेत, त्यात मला वेगळं सांगायचं नाही.

आता जो मुद्दा काहींना रुचणार नाही, तो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाने काम मागत फिरायचं नसतं. शिबिराच्या टेबलावर व्हिजिटिंग कार्ड दिलं की शिबिराचा बाजार होतो आणि गावाला ते लगेच कळतं. माझी सूचना अशी, की टेबलावर ज्याने कागद वाचले, त्याने त्या प्रकरणात वकीलपत्र घेऊ नये. प्रकरण समितीकडे जावं. कनिष्ठ मंडळी म्हणतील, मग आम्हाला काय मिळणार? वर्ष-दोन वर्षं सीनियरच्या मागे फाइल धरून उभं राहिल्यावरही जे शिकायला मिळत नाही, ते इथे एका दुपारी मिळतं. फेरफार, खरेदीखत, नोटीस, हुकूमनामा एकामागून एक समोर येतात आणि प्रत्येक कागदात मुदत कुठे लपली आहे ते पाहावं लागतं. शिवाय पॅनेलवर नाव नोंदवायचा मार्ग त्यांना खुला आहेच, आणि तिथे समिती मानधन देते.

एका गावात एकदा जाऊन उपयोग नाही. वर्षभरात पंधरा गावं करण्यापेक्षा आठवडी बाजाराची तीन गावं धरा आणि दर महिन्याला ठरलेल्या बाजारच्या दिवशी तिथेच बसा. आशा सेविका, पोलीस पाटील, विधी स्वयंसेवक यांना तो दिवस पाठ झाला की माणसं आपोआप येतात. सोबत नोंदवही असावी, आणि तिच्यात हजेरीच्या आकड्याऐवजी कागद कोणता, मुदत कधीची, पुढे काय केलं, असे रकाने असावेत. पुढच्या महिन्यात बसताना आधी मागचं पान वाचायचं आणि ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांना फोन करायचा. माणसांची खाजगी हकिकत त्यात असते, म्हणून ती वही बार रूमच्या टेबलावर पडून राहता कामा नये. ती उपसमितीच्या सचिवांच्या कुलपात राहावी.

प्रत्येक टेबलावर किमान एक महिला वकील हवी. पहिल्या तीन महिन्यांसाठी माझं नाव लिहून घ्या. अजून पाच नावं लागतील, ती सभा संपायच्या आत सचिवांकडे द्यावीत.