अंधार असतानाच

नमस्कार मंडळी. उद्या ईस्टर. दरवर्षी या दिवसांत इंदुरात राजवाड्याजवळ कोणीतरी भेटतं आणि विचारतं, अरे तू एवढा शिकलेला, मेलेला माणूस, तुमचा येशू, तिसऱ्या दिवशी उठला हे तुला कळतं तरी का? नाही हो, पूर्ण नाही कळत. पण ज्यांनी ती रिकामी कबर बघितली त्यांनाही त्या दिवशी कुठे कळलं होतं! बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, विसावा अध्याय. मरीया मग्दालीया कबरेकडे निघाली ती अंधार असतानाच. मग पेत्र आणि दुसरा शिष्य धावत आले, दुसऱ्यानं आत जाऊन पाहिलं आणि विश्वास ठेवला, आणि लगेच पुढे लिहिलंय की शास्त्रलेख त्यांना अजून समजला नव्हता. आधी विश्वास, समज मागून. परत सांगतो, आधी विश्वास, समज मागून.

आता माझ्या आजीची गोष्ट, ज्यांनी ऐकलीय त्यांनी परत ऐका.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ईस्टरच्या पहाटे आम्ही कब्रस्तानात जायचो, आजोबांच्या कबरेवर फुलं ठेवायला, मग तिथेच उपासना. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो ना, म्हणून बाबांनी ठरवून टाकलं की चांदणं असणारच, आणि टॉर्चचे सेल काही बदलले नाहीत. चांदणं होतंही, पण कडुलिंबाच्या वर. खाली मिट्ट काळोख. आजीनं हातानं क्रूस चाचपला, मोगरा ठेवला, गुडघे टेकले आणि चांगली दहा मिनिटं आजोबांशी बोलली, त्यात बाबांची तक्रारही केली की हा सेल आणत नाही. उजाडायला लागलं तर बघतो काय, नाव भलत्याचंच! आजोबा दोन रांगा पलीकडे. आणि त्या कबरेच्या घरची माणसं मेणबत्ती घेऊन मागे उभी, बिचारी केव्हापासून गप्प. बाबा घाईघाईनं फुलं उचलायला वाकले तर आजीनं हात धरला. म्हणाली, राहू दे, त्यालाही उठायचंय. मरीयेनं तर खुद्द येशूला माळी समजलं, मी कोण लागून गेले.

(उपासनेनंतर त्याच लोकांनी आम्हाला पोहे खाऊ घातले. वर जीरावण, आमचा इंदुरी मसाला. जीरावण न घालता जे देतात त्याला पोहे म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ईस्टरची गाणी कीबोर्डवर इतकी पळवू नयेत हेही.)

परत येताना मी स्कूटरवर पुढे उभा, आजी मागे. मी विचारलं, आजी, आपल्यालाच कळलं नाही कोणाची कबर कुठली, मग शेवटच्या दिवशी देवाला कसं कळेल? आजी म्हणाली, नावानं हाक मारेल की.

मला तेव्हा वाटलं आजीनं टाळलं. पुष्कळ वर्षांनी तोच अध्याय वाचताना लक्षात आलं की मरीयेनं येशूला बघून ओळखलंच नव्हतं, तो तिला "मरीये" म्हणाला तेव्हा ओळखलं. आजी दुसरीपर्यंत शिकलेली.

आणि विश्वासाचीही घाई नको. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली, नवरा-बायको असून. मराठी आणि ख्रिश्चन, असं कसं, म्हणून इंदुरात अजूनही मला विचारतात, त्यांना मी हीच दोन नावं सांगतो.

तर उद्या पहाटे येताय ना? येताना टॉर्च आणा, सेल आजच बघून ठेवा. मोबाइलच्या उजेडाचं सांगू नका, मागल्या वर्षी माझा चार टक्क्यांवर होता.